भिंतीवरचा नवा चेहरा : आधुनिक व्यक्तिचित्राची प्रिंट निवडताना

मराठी घरांच्या भिंतींवर चेहरे पूर्वापार आहेत. देवादिकांचे, आजी-आजोबांचे, शिवाजी महाराजांचे, बाबासाहेबांचे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या रंगीत चित्रांमधून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. म्हणजे छापलेलं चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावणं ही आपल्याकडे सव्वाशे वर्षांची रीत आहे. आता त्याच भिंतीवर वेगळे चेहरे येऊ लागले आहेत : नाकावर हिरवा पट्टा ओढलेला, गाल चौकोनांत विभागलेले, एक डोळा वर आणि एक खाली. आधुनिक शैलीतल्या अमूर्ताकडे झुकणाऱ्या व्यक्तिचित्रांच्या प्रिंट आज सहज मिळतात. त्या घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. मात्र त्या घेताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

हुबेहूब काढलेल्या व्यक्तिचित्राची छपाई थोडी फसली, रंग जरा तांबूस झाला, कडेचा भाग कापला गेला, तरी माणूस ओळखू येतो. आधुनिक चित्रकारानं हे हुबेहूबपण जाणूनबुजून सोडून दिलेलं असतं. त्याचा सगळा भरवसा रंगावर, रेषेवर आणि जागेच्या वाटणीवर असतो. छपाईत तेच बिघडलं तर चेहराच हरवतो, मागे उरते ती नुसती सजावट. म्हणून अशा चित्राच्या बाबतीत कागद, माप, शाई, फ्रेम हे दुय्यम तपशील ठरत नाहीत. चित्र टिकतं की जातं, हे त्यांच्यावरच ठरतं.

आधी नीट पाहा

दुकानात किंवा पडद्यावर चित्र दिसलं की पहिला विचार बहुधा सोफ्याच्या रंगाचा होतो. तो बाजूला ठेवा आणि चेहरा कशानं उभा राहिला आहे ते शोधा. तीन चित्रांवर ही सवय करता येईल.

पहिलं आँरी मातीसचं. १९०५ साली त्यानं आपल्या पत्नीचं, आमेलीचं, चित्र काढलं. ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि ‘हिरवा पट्टा’ याच नावानं ओळखलं जातं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा उतरतो. त्याच्या एका बाजूचा चेहरा पिवळसर आहे, दुसऱ्या बाजूचा गुलाबी. उजेड आणि सावली दाखवायला एरवी चित्रकार गडद-फिकट छटा वापरतात, मातीसनं ते काम रंगांच्या विरोधावर सोपवलं. तो हिरवा मळकट छापला गेला तर नाकाचा उठाव जातो आणि चेहरा सपाट होतो.

दुसरं ह्वान ग्रिसचं. माद्रिदमध्ये जन्मलेला हा चित्रकार १९०६ साली पॅरिसला आला. १९१२ साली त्यानं पाब्लो पिकासोचं व्यक्तिचित्र काढलं. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. निळ्या-करड्या आणि तपकिरी छटांच्या तिरक्या पैलूंमधून बसलेला माणूस, त्याचा कोट आणि हातातली रंगाची पाटी हळूहळू दिसू लागते. इथे रंग फार थोडे आहेत, पण एका करड्यातून दुसऱ्या करड्यात जाणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत. स्वस्त छपाईत या पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि पिकासो धुक्यात बुडतो.

तिसरं पाउल क्लेचं ‘सेनेसिओ’. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत असताना १९२२ साली त्यानं ते रंगवलं. आता ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कुन्स्टम्युझेउममध्ये आहे. नारिंगी पार्श्वभूमीवर जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार चेहरा, त्यात नारिंगी, पिवळे, गुलाबी, पांढरे तुकडे, तांबड्या बाहुल्यांचे डोळे आणि एका डोळ्यावर त्रिकोणी भुवई. एवढ्या थोड्या सामग्रीतून म्हातारपण आणि लहान मूल दोन्ही एकाच तोंडावर दिसतात. ते दिसतात कारण वर्तुळ चौकटीत नेमक्या जागी बसलं आहे.

चित्र मनात भरलं की लगेच मोठी प्रिंट मागवू नका. साध्या कागदावर ए-४ आकारात काढून घ्या, जिथे लावायचं त्या जागी चिकटपट्टीनं चिकटवा आणि पंधरा दिवस राहू द्या. सकाळच्या घाईत, रात्रीच्या दिव्यात, पाहुण्यांच्या गर्दीत ते कसं वाटतं पाहा. चेहऱ्याच्या चित्राला नजर असते. निसर्गचित्राकडे आपण पाहतो, पण चेहरा आपल्याकडेही पाहतो. घरातल्या लहान मुलांना किंवा वडीलधाऱ्यांना ती नजर खुपत असेल, तर पंधरा दिवसांत ते सांगतीलच. आणि पंधरा दिवसांनंतरही तुमची पावलं तिथे थबकत असतील, तर ते चित्र तुमचं आहे.

कोणाचं चित्र आहे, ते विचारा

विकणाऱ्याकडे चार गोष्टी मागा : चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल आणि मूळ चित्र कुठे आहे. या चार गोष्टी ज्याच्याकडे नाहीत, त्याच्याकडची फाइलही बहुधा कुठून तरी उचललेली असते. एखाद्या हयात चित्रकाराची शैली ओरबाडून केलेली निनावी चित्रंही बाजारात पुष्कळ आहेत. तेवढेच पैसे कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या चित्रकाराकडून त्याच्या सहीची प्रिंट घेण्यात घालवले, तर दोघांचंही भलं होतं.

हक्कांचा हिशेब समजायला सोपा आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रावरचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती वाढवण्यात आली.

त्यामुळे १९२० साली गेलेला चित्रकार मोदिल्यानी, १९२७ साली गेलेला ग्रिस आणि १९४० साली गेलेला क्ले आता सर्वांसाठी खुले आहेत. मातीस १९५४ साली गेला, त्याची चित्रं भारतात २०१५ पासून खुली झाली. पिकासो १९७३ साली गेला, त्याच्यावरचा हक्क २०३३ अखेरपर्यंत आहे. साळगावचे, म्हणजे आपल्या गोव्याचे, फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची काळ्या जाड रेषांनी कोरल्यासारखी डोकी तुम्हाला हवी असतील, तर लक्षात ठेवा : ते २००२ साली गेले, त्यामुळे २०६२ अखेरपर्यंत हक्कदाराच्या परवानगीशिवाय त्यांची प्रिंट काढणं आणि विकणं बेकायदेशीर आहे. अशा वेळी परवानगीनं छापलेली प्रतच घ्या.

खुल्या चित्रांची मोठी सोय आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ साली आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २०१८ साली आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांच्या चांगल्या प्रतिमा कोणालाही वापरता येतील अशा खुल्या केल्या. मोदिल्यानीनं १९१९ साली रंगवलेलं आपल्या जोडीदाराचं, जान एब्युतेर्नचं, चित्र मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, ग्रिसचा पिकासो शिकागोत. फाइल थेट तिथून घेऊन आपल्या गावातल्या चांगल्या छपाईवाल्याकडून प्रिंट काढून घेता येते. तयार पोस्टरपेक्षा ही वाट बहुतेक वेळा अधिक खात्रीची असते, कारण रंग संग्रहालयानंच तपासलेले असतात.

माप : इथे सर्वाधिक चित्रं बिघडतात

बाजारात प्रिंट ठरलेल्या मापांत मिळतात : ए-३, ए-२, १२ बाय १८ इंच, २४ बाय ३६ इंच. चित्रकारांनी मात्र ही मापं डोळ्यांसमोर ठेवून रंगवलेलं नसतं. ग्रिसचं चित्र सुमारे ९३ सेंटिमीटर उंच आणि ७४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ पाचास चार. ते ए-३ किंवा ए-२ कागदावर पूर्ण भरून छापायचं तर दोन्ही कडांचा मिळून सुमारे ११ टक्के भाग कापावा लागतो. १२ बाय १८ मध्ये हीच कापणी १६ टक्क्यांवर जाते. क्लेचं ‘सेनेसिओ’ तर जेमतेम ४० सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद, जवळपास चौरस. ते १२ बाय १८ मध्ये भरायचं तर पाव भागाहून जास्त रुंदी जाते. गोल चेहऱ्याचे गाल कापले गेले की क्ले संपला. काही ठिकाणी कापण्याऐवजी चित्र ताणतात, तेव्हा वर्तुळाचा अंडाकार होतो. ते त्याहून वाईट.

म्हणून मागणी देण्यापूर्वी संग्रहालयाच्या नोंदीतलं मूळ माप पाहा आणि उंचीला रुंदीनं भागा. उत्तर १.२५ च्या आसपास आलं तर १६ बाय २० किंवा २४ बाय ३० इंच हे माप छान बसतं. मातीसचा ‘हिरवा पट्टा’, ग्रिसचा पिकासो आणि मेट्रोपॉलिटनमधलं मोदिल्यानीचं चित्र, तिन्ही याच प्रमाणात बसतात. माप जुळत नसेल तर चित्र पूर्ण ठेवून भोवती पांढरा कागद सोडायला सांगा. पांढरी कड चालते, कापलेला चेहरा चालत नाही.

मोठं म्हणजे चांगलं, हा समजही सोडायला हवा. मातीसचं आणि क्लेचं चित्र मुळात सुमारे १६ इंच उंचीचं, म्हणजे लहानसंच. ते मूळ आकारात छापून घेतलं तर घरात एक माणूस आल्यासारखं वाटतं. तेच चार फुटी केलं की फलक होतो. ग्रिसचं चित्र मात्र तीन फुटांवर आहे, त्याला मोठी भिंत द्यायला हरकत नाही.

फाइल पुरेशी आहे की नाही, हे एका भागाकारानं कळतं. जवळून पाहायच्या प्रिंटला इंचामागे ३०० ठिपके हवेत, थोड्या लांबून पाहायच्या प्रिंटला १५० पर्यंत चालतं. १६ बाय २० इंचासाठी ३०० च्या हिशेबानं ४८०० बाय ६००० पिक्सेल लागतात, १५० च्या हिशेबानं २४०० बाय ३०००. यापेक्षा लहान फाइल सॉफ्टवेअरनं फुगवली तर कुंचल्याचे फटकारे मेणासारखे गुळगुळीत दिसू लागतात.

कागद, कॅनव्हास आणि शाई

मूळ चित्र कशावर काढलं आहे, त्यावरून कागद ठरवा. ‘सेनेसिओ’ पुठ्ठ्यावर लावलेल्या जाळीदार कापडावर रंगवलेलं आहे, त्याचा पृष्ठभाग कोरडा आणि खरखरीत आहे. त्याला ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, बिनचकाकीचा, सुती धाग्यांचा कागद शोभतो. ग्रिस आणि मोदिल्यानी कॅनव्हासवरचे, तिथे कॅनव्हास प्रिंट चालते. पण एक काळजी घ्या. छापील कॅनव्हासची वीण सगळीकडे सारखी असते आणि करड्या रंगांच्या बारीक पायऱ्या ती काहीशा गिळते. ग्रिससाठी मी गुळगुळीत, बिनचकाकीचा कागदच सुचवेन. चकचकीत फोटो कागद या चित्रांना नकोच, त्यात खिडकीचं प्रतिबिंब चेहऱ्यावर येतं.

कॅनव्हासच घ्यायचा असेल आणि तो लाकडी चौकटीवर ताणायचा असेल, तर कडेवर काय येणार ते आधी विचारा. कडेवर गुंडाळण्यासाठी चित्राचाच भाग वापरला तर चारही बाजूंनी इंच-दीड इंच चित्र समोरून नाहीसं होतं. कड वेगळ्या रंगाची ठेवायला सांगा.

शाईच्या बाबतीत एकच प्रश्न विचारायचा : पिगमेंट शाई आहे का? डाय शाईचे रंग सुरुवातीला झळाळतात, पण उजेडात लवकर उतरतात. पिगमेंट शाई, आम्लरहित कागद आणि थेट उन्हापासून बचाव, एवढं असेल तर प्रिंट अनेक दशकं टिकते. शिवाय चार रंगांच्या साध्या छपाईत झळझळीत नारिंगी आणि हिरवा हे दोन रंग हमखास मंद होतात. क्लेचा नारिंगी आणि मातीसचा हिरवा नेमके तेच. आठ-दहा शायांच्या चांगल्या इंकजेट यंत्रावर ते बऱ्याच अंशी साधतात.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी चाचणीपट्टी मागा. साधारण ए-५ आकाराचा तुकडा पुरे, पण त्यात चेहऱ्याचा सर्वांत नाजूक भाग आणि सर्वांत गडद भाग हवा, तोही अंतिम मापातच. ती पट्टी घरी आणून दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात पाहा. फोनच्या पडद्याशी तुलना करायची तर पडद्याचा उजेड कमी करा आणि निळा प्रकाश गाळणारी सोय बंद ठेवा. कागदावरचं चित्र पडद्यासारखं कधीच उजळणार नाही. तपासायचं ते रंगांचं आपसातलं नातं.

फ्रेमवाल्याकडे जाताना

कागदावरच्या प्रिंटला माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची कड, हवाच. तो नुसता शोभेसाठी नसतो. काच आणि कागद यांच्यात तो अंतर राखतो. दमट हवेत कागद काचेला चिकटला की सोडवताना शाई निघून येते. माउंट आम्लरहित असावा, नाही तर काही वर्षांत कापलेल्या कडेजवळ पिवळी रेघ उमटते. रंग पांढरा किंवा किंचित मळकट पांढरा ठेवा. चित्रातलाच एखादा रंग उचलून माउंट करायचा मोह होतो, पण मग तो रंग चौकटीत दुप्पट होतो आणि चित्रकारानं साधलेला तोल जातो.

प्रिंट माउंटला मागून फक्त वरच्या बाजूनं, आम्लरहित टेपनं टांगायला सांगा. पाऊसकाळात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी चिकटवला तर त्याला लाटा येतात. प्लायवूडवर गोंदानं चिकटवून देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिला स्पष्ट नकार द्या.

फ्रेम साधी घ्या : काळी, सागवानी किंवा नैसर्गिक लाकडाची अरुंद पट्टी. सोनेरी नक्षीदार चौकट कोनाकोनांत रचलेल्या चेहऱ्याशी भांडते. काचेचं वजन आधी मोजून ठेवा. २ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला ५ किलो भरते, ॲक्रिलिक त्याच्या जवळपास निम्मं. ग्रिसच्या मूळ मापाच्या फ्रेमला नुसती काचच साडेतीन किलोच्या आसपास होते, तिथे ॲक्रिलिक बरं. खिडकीसमोरची भिंत असेल तर प्रतिबिंब न पाडणारी काच घ्या, पैसे सार्थकी लागतात.

जागा, उंची, उजेड

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे पावणेपाच फुटांवर ठेवावा. उभ्या माणसाची नजर सहज तिथे जाते. आपल्याकडे चित्रं फार उंच लावायची सवय आहे, कारण देवांच्या तसबिरी आणि दिवंगतांचे फोटो आपण आदरानं वर लावत आलो. व्यक्तिचित्राशी मात्र समोरासमोर गाठ पडायला हवी. जिथे लोक मुख्यतः बसलेले असतात, त्या हॉलमध्ये ते आणखी १०-१५ सेंटिमीटर खाली आणा. सोफ्यावर लावत असाल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर पुरे.

चेहरा किंवा खांदे ज्या बाजूला वळलेले असतील, ती बाजू खोलीच्या आतल्या दिशेला येऊ द्या. कोपऱ्याकडे पाहणारा चेहरा खोलीतून निघून जात असल्यासारखा वाटतो. शेजारी कुटुंबाचे फोटो नकोत, दोन्हींचं नुकसान होतं. भिंतीचा रंग फिका आणि शांत असेल तर उत्तम.

दिवा पिवळसर एलईडी असावा, २७०० ते ३००० केल्विनचा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० किंवा अधिक लिहिलेला घ्या. त्यापेक्षा कमी असेल तर तांबडे आणि नारिंगी रंग मेल्यासारखे दिसतात. प्रकाश वरून सुमारे ३० अंशांच्या कोनात पडू द्या. थेट ऊन कोणत्याही तासाला चित्रावर येता कामा नये. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांना ५० लक्स इतकाच मंद उजेड देतात, यावरून उजेड कागदाचं किती नुकसान करतो ते कळावं.

पावसाळ्याची तयारी

मुंबई, कोकण, गोवा इथे प्रिंटचा खरा शत्रू ओल आहे. पश्चिमेकडची पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा फेल्टचे छोटे ठोकळे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. मागची बाजू कागदी टेपनं नीट बंद करून घ्या, नाही तर कसर आत शिरते आणि कागद खाते. जून उजाडण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागून पाहा. काळे ठिपके दिसले तर लगेच उघडून कोरड्या जागी वाळवा आणि माउंट बदला. काच पुसताना पाणी किंवा फवारा थेट काचेवर मारू नका, तो कडेतून आत उतरतो. फडका ओलसर करून पुसा. ॲक्रिलिकला अमोनियाचं द्रावण लावू नका, ते धुरकट होतं.

किंमत कशाची देता, ते ओळखा

शेवटी पैशांबद्दल. चित्रकारानं स्वतः दगडावर, पत्र्यावर किंवा रेशमी जाळीवर काम करून मोजक्या प्रती काढल्या आणि सही केली, तर ती मूळ मुद्राचित्रं असतात. त्यांच्या कोपऱ्यात १२/५० असा क्रमांक दिसतो आणि त्यांना कलाकृती म्हणून मोल असतं. क्लेच्या किंवा मोदिल्यानीच्या चित्राची आज काढलेली प्रिंट ही पुनर्मुद्रित प्रत आहे. तिला कुणी ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून दसपट किंमत लावली, तर ते पैसे शब्दांचे आहेत. चांगला कागद, चांगली शाई, चांगली फ्रेम यांची रास्त किंमत द्या, गुंतवणुकीच्या नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नका.

प्रिंट लावल्यावर मूळ चित्रं पाहण्याची भूक वाढते, ती वाढू द्या. मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलात तर रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर काढलेले शाईतले गूढ चेहरे जरूर पाहा. खऱ्या रंगाचा थर आणि कुंचल्याचा दाब एकदा डोळ्यांत बसला की पुढची प्रिंट तुम्ही अधिक जाणतेपणानं निवडाल.

आणि फ्रेम बंद करण्यापूर्वी तिच्या मागे एक कागद लावून घ्या : चित्रकार, चित्राचं नाव, साल, मूळ चित्राचं ठिकाण, प्रिंट कुठे आणि कधी काढली, कोणता कागद, कोणती शाई. घरात येणारा प्रत्येक जण विचारणार आहे, हे कोण? उत्तर तुम्हाला ठाऊक असावं, आणि तुमच्यानंतर ही फ्रेम ज्यांच्या हाती जाईल त्यांनाही ते वाचता यावं.